हत्यारांचं कपाट आणि दोन मापं : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

हत्यारांच्या कपाटाचं काम आजपासून सुरू. कपाट नवं बांधायचं, आतला सगळा माल मापाप्रमाणे लावायचा आणि दाराच्या आतल्या बाजूला ए३ आकाराचा एक तक्ता चिकटवायचा, असा बेत आहे. इंचाचे सेंटिमीटर करून देणारी कोष्टकं पुष्कळ आहेत आणि फोन ते काम क्षणात करतो, त्यामुळे तसला तक्ता मला नको आहे. मला हवं आहे ते असं: कोणती वस्तू मुळात कोणत्या मापात घडलेली आहे, दुसऱ्या मापातलं काय तिच्या जागी खुशाल चालतं, आणि काय चालल्यासारखं वाटून पुढे नुकसान करतं.

सुरुवात यादीपासून केली. घरात हिंडून ज्या ज्या वस्तूवर माप लिहिलेलं दिसलं ते उतरवून घेतलं. मोटारीच्या टायरवर २०५/५५ आर१६ असं लिहिलेलं असतं. त्यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांमध्ये. आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत दोन्ही पद्धती आणि एक टक्केवारी, आणि जगभर हे कुणाला खटकत नाही. टायरचा पूर्ण व्यास काढायचा तर १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात ११२.७५ मिमीच्या दोन भिंती मिळवायच्या. उत्तर ६३१.९ मिमी.

टीव्हीचा पडदा इंचात, पण तो भिंतीवर टांगायच्या ब्रॅकेटची भोकं मिलिमीटरमध्ये. पँटची कंबर इंचात, कापड मीटरमध्ये. हवा भरायच्या पंपाच्या तबकडीवर दाबाची दोन वर्तुळं, एक पीएसआयचं (पौंड दर चौरस इंच) आणि एक बारचं (मेट्रिक). यादी वाढतच गेली, तेव्हा ठरवलं की तक्त्यात फक्त हाताने जोडायच्या, आवळायच्या, कापायच्या आणि ओतायच्या गोष्टी घ्यायच्या.

११ जानेवारी

तक्त्याच्या डोक्यावर एकच आकडा मोठ्या अक्षरात जाणार: १ इंच = २५.४ मिमी. हा आकडा पूर्ण आहे. त्यापुढे दशांशात काही दडलेलं नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी यार्ड बरोबर ०.९१४४ मीटर आणि पौंड बरोबर ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असं ठरवलं, आणि त्या दिवसापासून इंच हे मीटरच्याच आधाराने उभं असलेलं माप झालं. त्याआधी अमेरिकेचा इंच २५.४ पेक्षा केसभर मोठा होता आणि ब्रिटनचा केसभर लहान. स्वीडनच्या जोहान्सनने मापाचे पोलादी ठोकळे बनवताना दोन्हींच्या मधला २५.४ धरला. कारखान्यांनी तो उचलला, आणि सरकारं मागाहून त्याच्यापाशी आली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण काम करणाऱ्या हातांनी आधी वाद मिटवला आणि कायदा नंतर झाला.

घरकामात दशलक्षांशाचा फरक कुठेच दिसत नाही. तरीही हे तक्त्यावर हवं, कारण पुष्कळ जण इंच ‘सुमारे अडीच सेंटिमीटर’ धरतात. एका इंचात ते खपतं. चाळीस इंचांवर १६ मिमीची तफावत पडते, म्हणजे जवळजवळ एका फळीची जाडी.

लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांना १२७ दातांचं चाक ठाऊक असतं. ज्या लेथचा मुख्य स्क्रू इंचाचा आहे, त्यावर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायचे तर गिअरच्या साखळीत १२७ हवेच, कारण २५.४ ची पाचपट १२७ होते आणि १२७ ही मूळ संख्या असल्याने तिला लहान चाकांत फोडता येत नाही. एवढं मोठं चाक बसायला जागा नसेल तर ४७ आणि ३७ दातांची जोडी लावतात. १.२७ च्या ऐवजी १.२७०२७ मिळतं. लहानसहान आट्यांना तेवढं पुरतं.

१७ जानेवारी

पाने, म्हणजे नटबोल्ट आवळायचे स्पॅनर. आजचा सगळा दिवस यातच गेला आणि तो सार्थकी लागला.

सगळे पाने जमिनीवर ओळीने मांडले, वर मिलिमीटरवाले आणि खाली इंचवाले, आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं सरकतं साधन) घेऊन प्रत्येकाची जोडी शोधली. काही जोड्या इतक्या जवळच्या आहेत की डोळे मिटून एकाच्या जागी दुसरा घ्यावा: ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्याला ८ चा पाना. ५/८ म्हणजे १५.८८, त्याला १६ चा. ३/४ म्हणजे १९.०५, त्याला १९ चा. १५/१६ म्हणजे २३.८१, त्याला २४ चा. पान्याच्या तोंडात मुळातच थोडी सूट ठेवलेली असते, त्यामुळे १९ चा पाना ३/४ च्या नटावर बसतो.

घात होतो तो १/२ आणि १३ मध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७. तेरा नंबरचा पाना त्यावर सहज चढतो, फिरतोही, आणि नट सैल असेल तोवर सगळं ठीक वाटतं. गंजलेला नट सोडवायला जोर लावला की ०.३ मिमीच्या फटीमुळे पाना नटाच्या सपाट बाजूवर न टेकता फक्त कोपऱ्यांवर टेकतो, आणि कोपरे झिजून नट गोल होतो. एकदा नट गोल झाला की बरोबर मापाचा पानाही त्याला धरू शकत नाही. ९/१६ तर कोणाशीच जुळत नाही: १४.२९ आहे, १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा घसरतो. पण ९/१६ मला बरा वाटतो. तो उघडपणे नाही म्हणतो.

अॅलन कीचं (स्क्रूच्या डोक्यातल्या षटकोनी भोकात घालायच्या किल्लीचं) प्रकरण याहून नाजूक, कारण तिथे भोकच लहान असतं. २.५ मिमीच्या भोकात ३/३२ इंचाची की (२.३८ मिमी) घातली तर फरक फक्त ०.१२ मिमीचा आहे, पण भोकाच्या मानाने तो जवळजवळ पाच टक्के होतो. तेरा आणि अर्ध्या इंचाच्या जोडीत तो सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून अॅलन कीसाठी तक्त्यावर एकच नियम लिहिणार: दुसऱ्या मापाची की वापरायचीच नाही. अपवाद ५/३२ आणि ४ मिमी, तोही हलक्या हाताने.

तक्त्यावर तीन रंग ठरले. हिरवा म्हणजे चालतं, पिवळा म्हणजे जोर न लावता चालतं, लाल म्हणजे हात लावू नका. १/२ आणि १३ लाल.

१८ जानेवारी

कालचं एक राहिलं. सॉकेटचा संच मिलिमीटरचा असला, तरी त्याच्या पाठीमागचं चौकोनी भोक इंचाचंच असतं: १/४, ३/८, १/२. पूर्ण मेट्रिक देशात बनलेल्या १० मिमी सॉकेटलाही हँडल लागतं ते इंचाच्या चौकोनाचं. स्क्रूड्रायव्हरच्या सुट्या बिटांचा षटकोनी दांडाही १/४ इंच, म्हणजे ६.३५ मिमी. हे जगभर एकसारखं असल्यामुळे त्याचा कुणालाच त्रास नाही. हे तक्त्यावर नको.

२५ जानेवारी

आटे. बोल्टच्या डोक्याचं माप चुकलं तर डोकं झिजतं, आट्याचं माप चुकलं तर ज्या भागात तो बोल्ट जातो तो भागच वाया जातो. म्हणून हा विभाग तक्त्याच्या मधोमध असेल.

दोन गोष्टी जुळाव्या लागतात: व्यास आणि पिच. मेट्रिक बोल्टमध्ये पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि इंचाच्या बोल्टमध्ये एका इंचात किती आटे बसतात ती संख्या. एम८ चा (८ मिमी व्यासाच्या मेट्रिक बोल्टचा) नेहमीचा पिच १.२५ मिमी. त्याच्याजवळचा ५/१६ चा जाड आट्यांचा बोल्ट इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४११. व्यासात फरक ०.०६ मिमीचा, बोटांना कळतही नाही. बोल्ट सुरुवातीला हाताने फिरतो, मग अडतो. अडला की माणूस पाना आणतो. तिथेच नुकसान होतं. हाताने दोनतीन फेरे गेले आणि मग घट्ट झालं, तर ते गंजामुळे असेल असं समजून पुढे रेटायचं नाही, बोल्ट बाहेर काढून आट्यांचा गेज (आटे ताडून बघायच्या दातेरी पट्ट्या) लावायचा. तक्त्यावर हे वाक्य आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात टाकतो आहे.

याच्या उलट प्रकार एम५ आणि १०-३२ चा (१० हा व्यासाचा नंबर, ३२ हे इंचामागचे आटे). दुसऱ्याचा पिच ०.७९४ मिमी, एम५ चा ०.८. आटे जवळजवळ एकच. पण व्यास ४.८३ असल्याने १०-३२ चा स्क्रू एम५ च्या भोकात शेवटपर्यंत जातो, आवळलाही जातो, आणि भार आला की आट्यांची पकड अपुरी पडते. न अडणारी चूक जास्त वाईट, कारण ती कळतच नाही.

संगणकाची पेटी उघडली की एकाच डब्यात दोन्ही पद्धतींचे स्क्रू सापडतात. साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२ चा जाड आट्यांचा, आणि अडीच इंची डिस्कला एम३ चा बारीक आट्यांचा. एम३ चा व्यास ३ मिमी, ६-३२ चा साधारण ३.५. शेजारी शेजारी धरले की आट्यांची दाटी डोळ्यांना लगेच दिसते. गेजची गरज नाही. त्या पेटीत नावंही फसवी आहेत: साडेतीन इंची डिस्कची रुंदी चार इंच, १०१.६ मिमी. ‘साडेतीन’ हे नाव फ्लॉपीवरून आलं, आणि ती फ्लॉपी खरं तर ९० मिमी रुंदीची होती.

स्क्रूंचे डबे वेगळे केले. इंचाच्या डब्यांना लाल झाकण, मेट्रिकला पांढरं. मधल्या मापाचा, कुठलाच न जुळणारा माल एका बरणीत वेगळा.

८ फेब्रुवारी

पाइपांचा भाग लिहायला घेतला. इथे माप या शब्दाचा अर्थच बदलतो.

‘अर्ध्या इंचाचा’ पाइप कुठूनही मोजला तरी अर्धा इंच भरत नाही. पोलादी पाइपाचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी, आणि नेहमीच्या जाडीच्या पाइपाचं आतलं भोक पावणेसोळाच्या आसपास. पूर्वी पाइपांच्या भिंती जाड असत आणि भोक नावाच्या जवळ असे. पुढे धातू सुधारला, भिंती पातळ झाल्या, पण जुन्या जोडांवर नवा पाइप बसला पाहिजे म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला. भोक मोठं होत गेलं, नाव राहिलं. म्हणून मेट्रिक पद्धतीतही त्याला डीएन १५ म्हणतात, आणि तेही माप नाही, ओळख आहे. पाऊण इंच म्हणजे डीएन २०, एक इंच म्हणजे डीएन २५.

तेव्हा पाइपाचं माप सांगताना मोजून सांगू नये. बाहेरून २१ मिमी भरला म्हणून २१ चा जोड मागितला तर तो मिळणार नाही. व्हर्नियरने मोजायचं, तक्त्यात बघायचं, आणि नावाने बोलायचं.

आटे पाइपाला इंचाचेच, आणि तेही दोन घराण्यांचे. बीएसपी (ब्रिटिश पाइपाचा आटा) हे घराणं व्हिटवर्थच्या ५५ अंशी आट्याचं, अंश म्हणजे आट्याच्या खाचेचा कोन. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये तो सुचवला, आणि मोटारीच्या बोल्टमधून तो निघून गेला तरी नळांत आजही तोच आहे. पूर्ण मेट्रिक देशांतही नळाचा आटा बीएसपीच असतो. एनपीटी अमेरिकेचा, ६० अंशांचा. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४ च, म्हणून एक दुसऱ्यात फिरतो आणि नंतर गळतो. १/४ इंचात बीएसपीचे १९ आणि एनपीटीचे १८. एक इंचात ११ आणि साडेअकरा. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी कोनातला फरक भरून निघत नाही.

बीएसपीतही सरळ आणि निमुळता असे दोन प्रकार. निमुळता आट्यांवरच बंद होतो, त्याला टेप हवी. सरळ आटा वॉशरवर बंद होतो, आणि टेप तिथे काही करत नाही. गळणाऱ्या जोडापाशी माणसं टेपचे थर वाढवत बसतात तेव्हा पुष्कळदा आत फक्त वॉशर झिजलेला असतो.

१५ फेब्रुवारी

भाचीची सायकल दुरुस्तीला आली. मागचं टायर बदलायचं होतं. टायरवर लिहिलेलं २६ × १ ३/४, आणि तिने आणलेलं २६ × १.७५. ते बसेना. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता: “मामा, पावणेदोन आणि १.७५ एकच ना? मग बसत का नाही?”

गणितात एकच, सायकलीत नाही. अपूर्णांकाने लिहिलेलं आणि दशांशाने लिहिलेलं २६ इंची टायर वेगवेगळ्या रिमसाठी असतं. २६ × १.७५ ची रिम ५५९ मिमीची, आणि २६ × १ ३/४ ची ५७१ ची. २६ × १ ३/८ ची तर ५९० ची. तिन्ही ‘सव्वीस’. इंचाचा हा आकडा फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासावरून आला, आणि टायर जाड-बारीक होत गेली तसा तो निव्वळ नाव बनला. म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, ४७-५५९ असा. पहिला जाडी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतं तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तोच बघायचा. मेट्रिकची बाजू मी इथे मनापासून घेतो: गोंधळ मिटवला तो या आकड्याने. ७००सी आणि २९ इंची ही दोन अगदी वेगळी वाटणारी नावंही ६२२ या एकाच रिमची.

टायर परत पाठवून ५७१ चं मागवलं. तोवर भाचीने सायकलवर मापांची शोधाशोध केली आणि तिची यादी माझ्या तक्त्यापेक्षा चांगली निघाली. साखळीची एक कडी अर्ध्या इंचाची, १२.७ मिमी, जगातल्या जवळजवळ प्रत्येक सायकलीला. पेडलचा आटा ९/१६ इंच, इंचाला २० आटे, आणि डाव्या पेडलचा आटा उलटा. हबमधले छर्रे इंचाच्या अपूर्णांकात. पण बाटलीच्या स्टँडचे स्क्रू एम५, क्रँकची (पेडल लावायच्या दांड्याची) लांबी १७० मिमी, ब्रेकची तबकडी १६० मिमी. हँडल जिथे आवळतात तिथला व्यास ३१.८ मिमी, म्हणजे मिलिमीटरच्या वेषातला सव्वा इंच.

मला या यंत्राबद्दल आदर वाटतो. शंभर वर्षांपूर्वी ठरलेलं अर्ध्या इंचाचं अंतर आणि काल ठरलेली मिलिमीटरची तबकडी एकाच चौकटीत बसतात, आणि सायकल चालते. इथे कुणी रूपांतर करत बसलेलं नाही. प्रत्येक भाग आपल्या जन्माच्या मापात राहिला आहे. तक्त्यात यापुढे प्रत्येक वस्तूपुढे पहिला रकाना ‘जन्माचं माप’ असा असेल, आणि दुसऱ्या मापातला आकडा त्याच्यामागे, लहान टाइपात.

२२ फेब्रुवारी

तापमान. गोंद, रंग आणि वॉर्निश यांच्या डब्यांवर कधी सेल्सिअस, कधी फॅरनहाइट असतं, म्हणून एक लहान चौकट दिली. तोंडी हिशेबाची रीत: सेल्सिअसची दुप्पट करा, तिचा दहावा हिस्सा काढून टाका, ३२ मिळवा. २८ चे ५६, त्यातून ५.६ गेले ५०.४, अधिक ३२, झाले ८२.४. ही रीत अंदाजाची नाही, पूर्ण बरोबर आहे. पाठ ठेवायला १६ म्हणजे ६१ आणि २८ म्हणजे ८२, आकडे उलटे केले की झालं.

एक सूचना ठळक: तापमानातला फरक बदलताना ३२ मिळवायचे नाहीत. ‘दहा अंशांपेक्षा जास्त चढउतार नको’ असं सेल्सिअसमध्ये लिहिलं असेल तर ते १८ फॅरनहाइट अंश, ५० नव्हे.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते ९८.६. शरीराच्या तापमानाचा हा आकडा इतका नेमका दिसतो की दशांशापर्यंत मोजून काढला असेल असं वाटावं. मूळ आकडा ३७ होता. जर्मन डॉक्टर वुंडरलिक यांनी १८६८ मध्ये तो मांडला, आणि तो पूर्णांकात सांगितलेला सरासरीचा आकडा होता. फॅरनहाइटमध्ये नेताना त्याला दशांशाची शेपटी चिकटली, आणि ९८.९ म्हणजे काही तरी बिघडलं अशी धास्ती लोक बाळगू लागले. रूपांतराने अचूकपणा वाढत नाही, वाढल्यासारखा दिसतो. म्हणून तक्त्यात मूळ आकडा जितका ढोबळ, तितकंच ढोबळ रूपांतर. ‘सुमारे ६ फूट’ याचं १८२.८८ सेंमी लिहायचं नाही, १.८ मीटर लिहायचं.

१ मार्च

कपाटाचं लाकूडकाम. प्लायवूडचा तुकडा १८ मिमीचा, तेव्हा सगळं काम मिलिमीटरमध्ये करायचं असं आधीच ठरवलं, आणि इंचाचा टेप खोलीबाहेर ठेवला. दोन्ही कडांवर दोन मापं असलेला टेप खरेदीला बरा, कामाला नाही. दिवसाच्या शेवटी दमलेले डोळे चुकीच्या कडेवर जातात.

कप्प्यांची रुंदी ६०० धरली. ६०० ला २, ३, ४, ५ आणि ६ ने भाग जातो, म्हणून आतल्या खणांची वाटणी तोंडी होते. फुटाचे बारा इंच तिसऱ्या हिश्शाला सोयीचे, असं म्हणतात ते खरंच आहे, पण माप आपण निवडणार असू तर मिलिमीटरमध्येही तीच सोय मिळते. इंचाची खरी ताकद निम्मं करण्यात आहे: ७ ३/८ चं अर्धं ३ ११/१६, खालचा आकडा दुप्पट केला की झालं, आणि टेपवर ती रेघ आखलेलीच असते. जुन्या जिन्याच्या पायऱ्या किंवा जुनी चौकट दुरुस्त करताना मी इंचच वापरेन, कारण ती इंचात बांधलेली असते आणि तिचे भाग इंचात सोपे पडतात.

फळ्या वरखाली करण्यासाठी उभ्या बाजूंना भोकांची रांग पाडली: ५ मिमीची भोकं, ३२ मिमी अंतरावर, पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत. तयार कपाटांची ही सर्वत्र चालणारी रीत आहे, आणि बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या तिच्याशी जुळवून केलेल्या असतात. सव्वा इंच म्हणजे ३१.७५, ३२ च्या अगदी जवळ. एका भोकाला काय फरक पडतो, असं वाटतं. वीस अंतरं मोजली की फरक ५ मिमी होतो आणि वरची फळी तिरपी बसते. जवळची मापं एकदा वापरायला हरकत नाही, एकापुढे एक रचत जाऊ नयेत. बिजागरीच्या वाटीचं भोक मात्र एकटंच असतं: ३५ मिमी, त्याच्या जागी १ ३/८ इंचाचं बिट (३४.९३) चाललं.

खाचांचं उलट. फळी १८ ची, आणि ३/४ चं बिट पाडतं १९.०५ ची खाच. एक मिलिमीटर ढिली. गोंद ती फट भरत नाही.

८ मार्च

ओतायच्या गोष्टी. ह्या चौकटीला मी सगळ्यात कमी जागा देणार होतो, शेवटी ती मोठी झाली.

गॅलन दोन आहेत. अमेरिकेचा ३.७८५ लिटर, ब्रिटनचा ४.५४६. पिंट अमेरिकेचा १६ औंसांचा, ब्रिटनचा २० औंसांचा, आणि त्यातला औंससुद्धा एक नाही: २९.५७ मिली आणि २८.४१ मिली. म्हणून ‘गॅलनमागे इतके मैल’ हा आकडा देश कळल्याशिवाय निरर्थक आहे. टनाचंही तसंच: १००० किलो, ९०७ किलो, १०१६ किलो. वातानुकूलन यंत्राचा टन तर वजनही नाही. २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतकी उष्णता काढून घेण्याचा तो वेग, साधारण ३.५२ किलोवॉट.

इथे एक घटना तक्त्याच्या कडेला लिहून ठेवली आहे. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. इंधन लिटरमध्ये भरतात, म्हणून लिटरमागे वजन किती या आकड्याने हिशेब झाला. तो आकडा धरला १.७७. तो बरोबरच होता, पण पौंडांचा. किलोचा आकडा ०.८ च्या आसपास. टाकीत हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन गेलं, दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली, आणि वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. गुणाकार-भागाकारात चूक नव्हती. १.७७ च्या पुढे एकक नव्हतं.

त्यामुळे घरातल्या सगळ्या चिठ्ठ्यांसाठी नियम: आकडा एकटा लिहायचा नाही. मिश्रणाचं प्रमाण, कापायची लांबी, हवेचा दाब, सगळ्यांपुढे एकक. ‘३२’ असं नुसतं लिहिलेलं सापडलं तर ते पीएसआय असेल, मिलिमीटर असेल, किंवा बर्फाचं फॅरनहाइट.

१५ मार्च

तक्ता छापला. कागद मेट्रिक (४२० × २९७ मिमी), पण त्यावरचं सगळं इंचाचं: अक्षराचा पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, ०.३५३ मिमी, आणि छपाईची बारकाई इंचामागे ठिपक्यांत.

तक्त्याच्या तळाशी दोन रेघा दिल्या, एक बरोबर १०० मिमी आणि एक बरोबर ४ इंच. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ निवडलेलं असेल तर सगळं चित्र थोडं आक्रसतं, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग तक्त्यावर काढलेली बोल्टची खऱ्या आकाराची चित्रंही खोटी होतात. ‘१०० टक्के’ निवडून छापलं, पोलादी पट्टी लावली, दोन्ही रेघा जुळल्या. जो कुणी याची प्रत काढेल त्याने आधी या रेघा मोजाव्यात.

भाचीने सुचवल्याप्रमाणे सायकलची चौकट वरच्या उजव्या कोपऱ्यात घेतली. ५५९, ५७१, ५९०, ६२२ हे चार आकडे ठळक.

२१ मार्च

कपाट भिंतीला लागलं, तक्ता दाराला. पाने लाकडी पट्टीवर एकाच ओळीत, आकाराच्या क्रमाने मांडले. पूर्वी दोन संच वेगळे टांगलेले असत. आता ८ च्या शेजारी ५/१६ आहे, १३ च्या शेजारी १/२, आणि त्या दोघांच्या मधल्या खुंटीखाली लाल पट्टी. हात एकाकडे गेला की दुसरा दिसतोच. वेगळे संच जास्त शिस्तीचे दिसतात, पण निवड करताना दोन्ही समोर हवेत असं माझं मत झालं आहे.

राहिलेलं काम: न जुळणाऱ्या स्क्रूंच्या बरणीतला माल आट्यांच्या गेजने तपासायचा. त्यातले बरेचसे जुन्या शिवणयंत्राचे असावेत, आणि त्यांचे आटे मेट्रिक आणि नेहमीचे इंची, या दोन्हींबाहेरचे असू शकतात. पाइपांच्या चौकटीत तांब्याच्या नळ्या आल्या नाहीत, त्या बाहेरच्या व्यासाने ओळखल्या जातात, तेव्हा त्यांना वेगळी ओळ हवी. आणि ५७१ चं टायर आलं की भाचीला बोलवायचं. ते तिनेच बसवायचं आहे.